चौपदरी साडी

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी निळ्या पेनानं एक ओळ लिहिली होती : दर २ तासांनी कूस बदलणे. वॉर्डातल्या मुलीनं तिच्यावर बोट ठेवलं, "एवढं सांभाळा हं काका" म्हणाली, नाकातल्या नळीतून दूध कसं सोडायचं ते घाईघाईनं एकदा करून दाखवलं आणि शेजारच्या खाटेकडे वळली. ११ दिवसांचं बिल भरून झालं होतं, अँब्युलन्सवाला खाली खोळंबला होता. कूस कशी बदलायची हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. कूस ती, त्यात विचारायचं काय?

ते रात्री ११ वाजता कळलं. आई तेव्हा ६८ किलोची. उजवी बाजू पूर्ण गेलेली, त्यामुळे तिच्याकडून काडीची मदत नाही. मी काखांत हात घालून ओढलं, बायकोनं कमरेकडून ढकललं. आई जागची हलली नाही, माझ्या कमरेत मात्र चमक भरली. शेवटी मी तिचा उजवा हात मनगटाशी धरला आणि जोर लावला. ती ओरडली. पॅरालिसिसनं तिची वाचा गेली होती, ओरडणं शाबूत होतं. लुळ्या हाताला धरून ओढायचं नसतं, खांद्याचा सांधा निसटतो, हे मला चार महिन्यांनी समजलं. ते चार महिने मी रोज तोच हात ओढत होतो.

आम्ही मिरजेचे. खाली झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान, वर घर. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत. आईही प्राथमिक शिक्षिका होती, ३४ वर्षं तालुक्यातल्या खेड्यांत एसटीनं जाऊन शिकवलं तिनं. मिरजेत पावलोपावली दवाखाने, कर्नाटकातून माणसं इथं उपचाराला येतात. आणि अशा गावात राहून मी तिला उशिरा नेलं. २०२२ची आषाढी होती. एकादशीला तिचा कडक उपास, त्यात शुगर. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ला तिच्या हातातून कप पडला, तोंड वाकडं झालं, शब्द जड यायला लागले. मला वाटलं उपासानं साखर उतरली. मी तिला साखरपाणी पाजलं. तिला जोराचा ठसका लागला, तरी पाजलं. मग शेजारचे आले, कुणी कांदा हुंगवा म्हणालं, कुणी अमुक डॉक्टरांना आधी दाखवा म्हणालं. ते डॉक्टर १० वाजता यायचे. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा १ वाजून गेला होता. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ७ ते १, हे गणित मी रात्री झोपेत पण करायचो.

घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. नारळपाणी, सफरचंदं, आणि धीर. "धीर धर." "तुझ्यासारखा मुलगा मिळायला पुण्याई लागते." "अगदी श्रावणबाळ आहेस." श्रावणबाळाचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. त्याचे आईवडील कावडीत स्वतःचे स्वतः बसत तरी होते. आणि त्याला सकाळी १०ला शटर उघडायचं नव्हतं. एकानंही कधी, "सरक बाजूला, ही कूस मी बदलतो," म्हटलं नाही. म्हणतील कसे? त्यांनाही येत नव्हतं.

ब्युरोची बाई ठेवली. १२ तासांची. ती १९ दिवस टिकली. दुसरी आली तोवर नाकातली नळी निघाली होती, ती मोबाइलवर मालिका बघत आईच्या तोंडात भात कोंबायची. तिला मीच काढलं. ऑक्टोबरात आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. मी त्यावर स्पिरिट चोळलं, पावडर मारली, मेडिकलमधून रबराची हवा भरायची रिंग आणून खाली ठेवली. आठ दिवसांत कातडी गेली. ड्रेसिंगला येणाऱ्या ब्रदरनं जखम बघितली, रिंग बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, शनिवारी दुपारी वेळ आहे का?"

एका धर्मादाय रुग्णालयात घरच्या माणसांसाठी वर्ग चालायचा. सहा शनिवार, ३ ते ५, फी नाही. मी म्हटलं, मला वर्ग नको, बाई पाहिजे. पण शनिवारी बायकोची सकाळची शाळा असते, ती दुपारी घरी असते. तिनंच मला हुसकावलं. "अहो, जाऊन तर या. निदान दोन तास बाहेर पडाल."

जिन्याखालची लांबट खोली. एक लोखंडी खाट, एक व्हीलचेअर, स्टीलच्या वाट्या, भिंतीला टेकवलेल्या उशा. आम्ही १४ जण, त्यांत पुरुष तीन. कुपवाडचे एक निवृत्त कंडक्टर काका, मालगावहून येणारा विशीतला पोरगा आणि मी. शिकवणाऱ्या सिस्टर पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज मात्र एसटी स्टँडवरच्या लाऊडस्पीकरसारखा. ओळखपरेड नाही, प्रार्थना नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "दादा, चप्पल काढा. झोपा खाटेवर."

झोपलो.

"आता तुमची उजवी बाजू गेलीय. बोलता येत नाही. काका, बदला यांची कूस."

कंडक्टर काकांनी अगदी माझ्यासारखंच केलं. काखेत हात घालून ओढलं. शर्ट वर सरकला, पाठ खरबरीत चादरीवरून घासत गेली, मान खाटेच्या गजाकडे लोंबकळली. ते मनानं चांगले होते, हातानं भयंकर होते. "थांबा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी करून दाखवलं. आधी माझ्या तोंडासमोर येऊन सांगितलं, "दादा, तुम्हाला माझ्याकडे वळवणार आहे." मग माझ्या धडक्या हाताच्या बोटांत लुळ्या हाताची बोटं गुंतवून दोन्ही हात छातीवर ठेवले. पलीकडचा गुडघा वाकवून उभा केला. एक तळवा खांद्यामागे, एक कमरेमागे. आणि स्वतः नुसत्या मागच्या पायावर वजन टाकत रेलल्या. मी वळलो. ओढलं कुणी, कळलंच नाही. "ओढायचं नाही, लोळवायचं," त्या म्हणाल्या. मला तर लाटण्याखाली पोळी फिरावी तसं वाटलं.

पाठीमागे उशी, पण पूर्ण आडवं नाही, तिरपं. पूर्ण कुशीवर ठेवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी, की टाचा हवेत राहतील. मग मला त्याच स्थितीत ठेवून त्यांनी बाकीच्यांना चहा दिला. "दादा, तुम्ही हलायचं नाही. २० मिनिटं."

पहिली पाच मिनिटं गंमत वाटली. मग नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. मग उशीच्या खोळीची शिवण कानाखाली टोचायला लागली. शिवण एवढी मोठी असते? समोर भिंतीवर पोपडा निघालेला, त्यापलीकडे काही दिसत नाही. मागे लोक हसतायत, कशाला हसतायत कळत नाही. कुणीतरी "यांना चहा?" म्हणालं, कुणीतरी "त्यांना नको," म्हणालं. मला हवा होता. आमच्या आईच्या खाटेवरून कपाट दिसायचं. कपाटाचा डावा दरवाजा. चार महिने.

मग त्यांनी मला तसंच उताणं करून एक चमचा पाणी दिलं. मला जोराचा ठसका लागला. उठून बसलो तर सगळे गप्प. सिस्टर म्हणाल्या, पॅरालिसिसच्या पेशंटला भातापेक्षा पाणी अवघड. पातळ पदार्थ घसरत जातो, गिळायची क्रिया मागे राहते, पाणी श्वासनळीत शिरतं आणि मग न्यूमोनिया. सरळ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे, धडक्या बाजूच्या गालात अर्धा चमचा, गिळलेलं गळ्यावर दिसल्याशिवाय पुढचा नाही. पाण्याला दाटपणा आणायची पावडर मिळते, ती किती घालायची ते डॉक्टरांना विचारा. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नका. मला ते साखरपाणी आठवलं. मी तिथं काही बोललो नाही.

त्या रात्री घरी जाऊन रिंग फेकली. रिंगेनं मधली जागा सुटते, पण कडेनं दाब बसून मधलाच रक्तपुरवठा तुटतो. लाल चट्टा चोळायचा नाही, बोटानं दाबून बघायचा. बोट काढल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर वेळ आहे. लालच राहिलं तर आतली कातडी मरायला लागलीय. एवढी साधी परीक्षा. पाच सेकंदांची. मला ऑक्टोबरात कुणी सांगितली असती तर! आणि एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही, हेही. एअर बेड विकणाऱ्यानं मला बरोबर उलटं सांगितलं होतं.

पण खरी गंमत साडीची. पेशंट खाली घसरला की वर सरकवायला अंगाखाली एक आडवी चादर लागते. खांद्यापासून मांडीपर्यंत, दोन्ही कडांनी दोघांनी गुंडाळून धरायची आणि "एक, दोन, तीन" म्हणून सरकवायचं. बाजारात तयार मिळते. सिस्टर म्हणाल्या, विकत कशाला, जुनी सुती साडी घ्या, चौपदरी घडी करा, धुऊन धुऊन मऊ झालेली असेल तर आणखी छान. मी आईचं कपाट उघडलं. तेच कपाट. तिच्या शाळेत नेसायच्या इरकली एका बाजूला, त्याखाली एक फिकट जांभळी, काठ विरलेली. तिची घडी करून बायको आणि मी तिच्या अंगाखाली सरकवली. आईनं डाव्या हातानं काठ चाचपला. बराच वेळ चाचपत होती. मग "एक, दोन" म्हटलं आणि "तीन" म्हणायच्या आत आईच म्हणाली, "तीन."

चार महिन्यांत तिच्या तोंडून आलेला पहिला धड शब्द.

आम्ही दोघं साडीच्या कडा धरून तसेच उभे. बायको रडायला लागली. मी घाईघाईनं म्हटलं, "आई, पाणी म्हण. पाणी." तिनं तोंड उघडलं, प्रयत्न केला, "ता… ता…", मग रागावली आणि स्पष्ट म्हणाली, "मेल्या!"

पुढच्या शनिवारी वाचेच्या मॅडम आल्या होत्या, त्यांना हे सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, मोजणी, पाढे, वारांची नावं, देवाचे श्लोक, शिव्या, हे वर्षानुवर्षं घोटलेलं असतं, ते जुळवावं लागत नाही, आपोआप येतं. 'पाणी' हा शब्द शोधून, जुळवून आणावा लागतो, आणि तिथंच मार बसलाय. "म्हणजे ती मुद्दाम करत नाही, आणि शिव्या तुम्हाला नाहीत," असंही त्या म्हणाल्या. मला खरं तर शिवी चालली होती. माझ्या लहानपणी ती रोज द्यायची.

घरी येऊन "बे एके" म्हटलं. "बे," आई म्हणाली, आणि पुढं "बे दाहे वीस"पर्यंत गाडी न थांबता गेली. पावकी-निमकीसुद्धा आली, जी मला येत नाही. पण चहा हवा की नको, ते सांगता येत नव्हतं. मॅडमनी सांगितलेल्या युक्त्या साध्या होत्या. टीव्ही बंद करा. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीचा. विचारल्यावर मनात दहा मोजा, तिच्या तोंडातला शब्द ओढून काढू नका. हे दहा मोजणं कूस बदलण्यापेक्षा अवघड होतं. दुकानदाराला गप्प बसायची सवय नसते. आणि चित्रांचा तक्ता करा. आता लॅमिनेशनवाल्याला तक्ता करा म्हणणं म्हणजे काय! मी १२ चित्रांचा ए-थ्री तक्ता केला. चहा, पाणी, लघवी, संडास, दुखतंय, पंखा चालू, पंखा बंद, चष्मा, कूस, नातू, देव, आणि शेवटचं चित्र दाराकडे जाणाऱ्या माणसाचं, म्हणजे 'जा इथून'. वर्गातल्या सगळ्यांना एकेक दिला. आमच्या घरी शेवटच्या चित्राचा कोपरा सगळ्यात आधी झिजला.

आता एक गोष्ट, जी सांगायला अजूनही जीभ अडखळते. आईचं अंग पुसणं, डायपर बदलणं. बायको शाळेत गेली की ते माझ्याकडे. आई भिंतीकडे तोंड करायची, गुडघे आवळून घ्यायची, मी ते जोर लावून सोडवायचो, दोघंही एकमेकांकडे बघायचो नाही. उरकायचं आणि हात धुवायचे. वर्गात मी हे विचारणार नव्हतो. मालगावच्या पोरानं विचारलं. तो वडिलांचं करायचा. "बापाची लाज वाटते, त्याला माझी वाटते. काय करू?" सिस्टरांनी समजावलं बिमजावलं नाही. एक चादर घेतली आणि खाटेवरच्या बाहुल्यावर दाखवलं. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, बाकी झाकलेलं. हात लावायच्या आधी सांगायचं, "आता पाठ पुसतोय." सगळ्यात शेवटी खालचं. आणि ओला फडका पेशंटच्या धडक्या हातात द्यायचा. "जे त्यांना येतं ते तुम्ही करू नका. तोंड पुसू दे, छाती पुसू दे, पोचेल तिथं पोचू दे. वेळ लागेल. लागू दे."

सोमवारी मी आईच्या डाव्या हातात फडका दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला. मग तोंड पुसलं, कानामागे पुसलं, गळा, छाती. मी पाठमोरा उभा होतो. बऱ्याच वेळानं फडका खाटेवर आपटल्याचा आवाज आला. वळलो. तिनं पाय ढिले सोडले होते.

गाऊन घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. व्हीलचेअर धडक्या बाजूला लावायची, ब्रेक आधी, पायाच्या पट्ट्या वर. उठवताना तिचं नाक तिच्या पायाच्या बोटांच्या पुढं आलं की बूड आपोआप हलकं होतं. माझा गुडघा तिच्या लुळ्या गुडघ्याला टेकलेला, ती माझ्या छातीजवळ. दुकानापासून दोन गल्ल्या सोडल्या की तंबोरे करणाऱ्यांची घरं आहेत. तिथला कारागीर भोपळा लांब हातांनी कधी उचलत नाही, पोटाशी धरतो. लहानपणापासून बघितलेलं होतं. आईला उचलताना आठवलं नव्हतं.

पाचवा शनिवार मात्र मला टाळायचा होता. त्या दिवशी समुपदेशक येणार, मन मोकळं करायचं, वगैरे. आलेली मुलगी जेमतेम पंचविशीची. तिनं गोल करून बसवलं, डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावले. मी एक डोळा उघडा ठेवून घड्याळ बघत होतो. मग तिनं एक छापील कागद वाटला. २२ प्रश्न. तुमच्या माणसाला तुमच्याकडून जास्तीची अपेक्षा आहे असं वाटतं का, स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, त्याचा राग येतो का, अशी प्रश्नावली. दर प्रश्नाला ० ते ४. एकूण ८८. याला झॅरिट मापणी म्हणतात, काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे ते मोजतात. माझी बेरीज ५४ आली. ४१ ते ६० म्हणजे मध्यम ते जास्त भार, ती म्हणाली. चुकून का होईना, माझ्याविषयी कुणीतरी आकडा काढला होता. शुगरचा, बीपीचा, सगळे आकडे आतापर्यंत आईचे होते.

तरी कुणी बोलेना. मग जयसिंगपूरच्या एक वहिनी, ज्या सासूचं करायच्या आणि चार शनिवारांत 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलल्या होत्या, त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "मी सकाळी उठले की आधी त्यांचा श्वास चालू आहे का बघते. चालू असतो. मग कधी बरं वाटतं. कधी नाही वाटत."

पंख्याचा आवाज येत होता. कंडक्टर काका म्हणाले, "कधी नाही वाटत, ते मला पण."

मग मी बोललो. दिवाळीच्या आधी एका रात्री आई सारखी ओरडत होती. तीन वेळा बघून आलो, ओली नाही, ताप नाही, काही नाही. बायको सर्दीच्या गोळीनं गाढ झोपलेली. मी आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं, खाली गेलो, शटर अर्धं पाडलं आणि झेरॉक्सच्या मशीनमागे पुठ्ठ्यावर झोपलो. पहाटे बायको शोधत आली. आईचा घसा बसला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, आता ती मुलगी म्हणेल, "असं होतं, स्वतःला दोष देऊ नका." तसं म्हणाली असती तर मी उठून गेलो असतो. तिनं विचारलं, "त्याच्या आधीच्या तीन रात्री मिळून किती तास झोपला होतात?" मी बोटं मोजली. आठ. फार तर नऊ. "मग आधी झोपेचं बघू," ती म्हणाली, आणि कागद ओढला. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्र माझी, मंगळवार, गुरुवार, शनिवार बायकोची, रविवारी मुलगा, तेव्हा बारावीला. ज्याची रात्र नाही त्यानं दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. दार लावायला मला कुणीतरी लेखी परवानगी दिली.

"आणि बहीण?" तिनं विचारलं. बहीण इचलकरंजीला. तासाभराचा रस्ता. दर आठवड्याला फोन करते, रडते, "दादा, काही लागलं तर सांग" म्हणते. मी कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून मनात तिच्यावर डूख धरला. मुलगी म्हणाली, "'जमलं तर ये' म्हणू नका. तारीख सांगा, काम सांगा, दिवस सांगा. आत्ता म्हणून दाखवा." बहीण व्हायला कंडक्टर काका उभे राहिले. बारीक आवाजात, पदर घेतल्यासारखा हात करून म्हणाले, "अय्या दादा, पण पोरांच्या परीक्षा…" सगळे इतके हसले की सिस्टर बाहेरून डोकावल्या. मी तीनदा म्हटलं तेव्हा वाक्य धड आलं : "१० फेब्रुवारीला ये, १७ला जा, रात्रीसुद्धा तू बघायचं, कसं ते मी दाखवतो."

मी या मोकळं-व्हा प्रकारावर फार विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही, अजूनही. तो शनिवार पहिला असता तर मी दुसऱ्याला गेलोच नसतो. आधी त्यांनी माझी कंबर वाचवली, आईचा हात वाचवला, जखम सुकत आणली, मग मनाचं विचारलं. ज्या माणसाला पाच मिनिटांत चादर बदलता येत नाही त्याला श्वास मोजायला लावू नये. पुढे एकदा रात्री पावणेतीनला मी टेली-मानसच्या १४४१६ नंबरवर फोनही केला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिकडच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर आईची कूस बदलायची वेळ झाली होती, ती बदलली. दोन्ही गोष्टींनी बरं वाटलं, पण दुसरीनं जास्त.

वर्गाचं सगळंच गोड नव्हतं. १४ जणांतले शेवटच्या शनिवारी नऊ उरले. कंटाळून कुणी गेलं नव्हतं. मालगावच्या पोराला वडिलांपाशी बसायला कुणी मिळेना म्हणून त्याचे दोन शनिवार बुडाले. एक ताई एकदाच आल्या, नवऱ्याला कुलूप लावून आल्या होत्या, अर्ध्या तासात परतल्या. ज्यांना वर्गाची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच घरातून निघता येत नाही, याचं उत्तर सिस्टरांकडेही नव्हतं. "पेशंटला घेऊन या," त्या म्हणायच्या. कशात घालून आणणार? रिक्षात? आणि डायपरचा खर्च, औषधांचा खर्च, ब्युरोच्या बाईचा पगार, त्यावर कुठलाही वर्ग उपाय नाही.

माकडहाडाची जखम भरायला सात आठवडे लागले. भिंतीवर कूस बदलायचा तक्ता होता, मीच छापलेला. डावी, उताणी, उजवी, बाण आणि वेळ. जानेवारीअखेर तिथं नुसता गुलाबी वण राहिला. बोटानं दाबला की पांढरा पडायचा, सोडला की परत गुलाबी. मी दिवसातून चार-चार वेळा दाबून बघायचो. आई तक्त्यावरच्या शेवटच्या चित्रावर बोट ठेवायची.

बहीण १० फेब्रुवारीला आली. मी वाक्य म्हटलं होतं, तिनं परीक्षेचं कारण सांगितलं होतं, मी परत म्हटलं होतं, मग ती गप्प झाली होती. पहिल्या दिवशी तिला सगळं दाखवलं. तिला खाटेवर झोपवलं आणि २० मिनिटं हलायचं नाही म्हटलं. ती आठव्या मिनिटाला उठून बसली आणि बाथरूममध्ये गेली, नळ सोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली दुकानात होतो. कॉलेजच्या पोरांची फॉर्मसाठी गर्दी. वरून फोन आला.

"दादा, आई मला मेली म्हणाली." ती हसत होती की रडत होती, कळेना. "स्पष्ट म्हणाली. मी तिला घसरू दिलं ना खाली, म्हणून."

"साडी आहे ना अंगाखाली?"

"आहे. पण ही जांभळी… ही तिची शिक्षक दिनाची ना?"

"हो. कडा गुंडाळ. अंगाच्या जितक्या जवळ तितक्या. तुझ्या वहिनीला पलीकडून धरायला सांग."

"मग?"

"मग मोज. तीन तू म्हणू नकोस."

काउंटरवरचा पोरगा दोन्ही बाजूंनी झेरॉक्स पाहिजे म्हणत होता. मी त्याला हातानं थांब म्हटलं आणि फोन कानाला धरून ठेवला.